बिनपाटीची खोली

आपांना साफ डाळ चालत नसे. लातूरच्या डाळमिलवाल्यांना त्या हे तोंडावर सांगत, आणि मिलवाल्यांना ते थोबाडीत बसल्यासारखं लागे. लागणारच. आमच्याकडं पोत्यात चार खडे निघाले तर गिऱ्हाईक अख्खा माल परत पाठवतं. त्यासाठी चाळण्या, पंखे, निवडायला बसलेल्या बायका, केवढा आटापिटा. आणि ही पांढऱ्या सुती साडीतली, रिटायर झालेली नर्सबाई असोसिएशनच्या ऑफिसात उभी राहून म्हणते, "शेठ, डाळ द्यायची तर खड्याची द्या. साफ केलेली मला नक्को."

मी त्या असोसिएशनचा कारकून, बिराजदार. टपाल, मीटिंगचं इतिवृत्त आणि पेपरला द्यायच्या बातम्या, एवढं माझं राज्य. त्या दिवशी मी तोंड फिरवून हसलो होतो. म्हटलं, शेठनी हे काय ध्यान आणून ठेवलंय. माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासूनच ढ. त्या ढपणापायी पुढं जे झालं ते सांगायलाच मी हे लिहायला बसलोय, नाहीतर आपांचं कौतुक लिहायची माझी काय लायकी.

भूकंपात किल्लारीकडची गावं झोपेतच गाडली गेली, तेव्हा आमच्या असोसिएशननं ट्रक भरभरून डाळ पाठवली. तेव्हाच्या अध्यक्षांना आम्ही मोठे शेठ म्हणायचो. ते स्वतः ट्रकबरोबर गेले. पत्र्याच्या शेडमध्ये एका बाईच्या हातात त्यांनी डाळीची पिशवी ठेवली. बाईनं ती मांडीवर घेतली आणि विचारलं, "शिजवू कुणासाठी?" तिच्या घरातलं एक माणूस उरलं नव्हतं. मोठे शेठ परत आले ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीटिंग बोलावून म्हणाले, "डाळ देणारे लई झाले. त्या बाईजवळ बसणारं माणूस शोधा." मेंबर लोक एकमेकांकडं बघायला लागले. एकजण म्हणालाही, की बसायला माणूस कशाला लागतं, आमची म्हातारी दिवसभर बसूनच असते. मोठे शेठ हसले नाहीत. मग त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी आपांचं नाव सुचवलं. आपा मूळच्या औशाच्या. नवऱ्याचं गादी-रजई पिंजायचं दुकान होतं, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. उभा जन्म दवाखान्याच्या वॉर्डात गेला होता.

आपा असोसिएशनच्या जीपमधून रोज शेडांवर जायला लागल्या आणि मी बरोबर, काय काम झालं ते लिहून आणायला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वही जीपमध्ये ठेवायला लावली. "भाऊ, वही बघितली की माणूस सरकारी बोलतंय," म्हणाल्या. मग शेडमध्ये एक सूप घेऊन बसल्या, त्यात खड्याची डाळ ओतली आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "जरा हात लावतीस का बाई, मला दिसत न्हाई." दिसत होतं चांगलं. पण काय झालं, कोण गेलं, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. दोघी निवडत बसायच्या. माना खाली, कुणी कुणाचं तोंड बघत नाही, हात आपले चालू. तास जायचा, दीड तास जायचा आणि मग त्या बाईच्या तोंडून एखादं नाव निघायचं, लेकराचं नाहीतर सासूचं. तेवढ्यासाठी आपांना खडे लागत.

"शिजवू कुणासाठी" म्हणालेली बाई अकरा दिवस एक शब्द बोलली नाही. नुसती निवडायची. डाळ साफ झाली की आपा बाजूला काढलेले खडे पुन्हा त्यातच ओतायच्या आणि दुसऱ्या दिवशी तीच डाळ पुढं ठेवायच्या. मला ते बघवायचं नाही. बाराव्या दिवशी आपा खडे ओतायला गेल्या तेव्हा त्या बाईनं त्यांचा हात धरला. म्हणाली, "आपा, आता बास. पलीकडच्या शेडात पोरं हायती, त्यांच्यासाठी शिजवते." आणि मग ती जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. मी धावत पाण्याचा तांब्या आणला. आपांनी मला हातानंच मागं सारलं. परतताना जीपमध्ये म्हणाल्या, "रडणाऱ्याला लगेच पानी देऊ नका भाऊ. पानी दिलं की रडणं थांबतं. आपल्याला बघवत न्हाई म्हणून आपण देतो, त्याला लागतं म्हणून न्हाई." नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलंय मला ठाऊक नाही, पण मी तेव्हापासून कुणी रडलं की गप उभा राहतो.

शेडांची पुढं घरं झाली, माणसं आपापल्या मार्गाला लागली. तोवर लातूरचं निराळंच काही होऊन बसलं होतं. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकायला लागली आणि हिंगोली, परभणी, नांदेडकडून एसटी भरभरून पोरं यायला लागली. ज्याच्या घरात दोन खोल्या जादा त्यानं होस्टेल काढलं, ज्याच्या बायकोला भाकरी येते त्यानं मेस काढली. एका खोलीत सहा कॉट. भिंतीवर टाइमटेबल, त्यात झोपेला पाच तास. गावी बापानं सगळ्यांना सांगितलेलं, आमचं पोरगं डॉक्टर होणार. आणि इथं ते पोरगं चाचणीचा निकाल लागला की जिन्याखाली जाऊन बसतंय. एका मेंबराच्या होस्टेलवरचा मुलगा एका रविवारी गेला. त्यानं स्वतःच स्वतःला संपवलं. कसं, काय, ते लिहिण्यात अर्थ नाही. मोठे शेठ तेव्हा थकले होते, काठी घेऊन चालायचे. त्यांनी आपांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "आपा, पुन्हा बसावं लागतंय."

मार्केट यार्डात असोसिएशनच्या इमारतीमागं बारदान ठेवायची एक खोली होती. तिचं दार मागच्या गल्लीत उघडायचं, शेजारी झेरॉक्सचं दुकान. आपांनी तीच मागितली. रिकामी पोती काढून खोली झाडून घेतली, चटई टाकली. शनिवारी एक मानसोपचाराचे डॉक्टर यायचे, औषध लागणाऱ्याला औषध द्यायचे, त्यांची व्यवस्था असोसिएशनकडं. आपांनी अटी तेवढ्या तीनच घातल्या. "पाटी नक्को. फोटो नक्को. नावाची वही नक्को. पाटी लागली की दवाखाना झाला, आणि ह्या दवाखान्यात कोण खुशीनं येतंय शेठ?" पोरं नोट्स घेऊन झेरॉक्सला आल्यासारखी गल्लीत शिरायची आणि आपांच्या दारात नाहीशी व्हायची. आत सूप, डाळ, आणि आपा. आपा पोरांना त्यांच्या नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. ए मुखेड, आज उशीर केलास. अहमदपूर, जेवून आलीस का? बाहेर कुणाच्या कानावर पडलं तरी कळायचं नाही, की आत कोण आहे.

पाटी नाही ही गोष्ट आमच्या मेंबरांना किती टोचायची, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमचा रिवाजच होता, काहीही द्यायचं ते फोटो काढून द्यायचं. शिलाई मशीन दिलं तर फोटोत मशीन दिसत नसे, नऊ जणांचे हात दिसत. अपंगाला तीन चाकी सायकल दिली तर तो बिचारा हातांच्या जंगलात कुठं आहे ते शोधावं लागे. बातमी लिहायचो मी. घेणाऱ्याचं पूर्ण नाव, मुक्काम, तालुका, सगळं बिनचूक. त्याचा मला गर्व होता हो. माझी बातमी कुठलाही पेपर न तपासता छापायचा. यात कुणाचं वाईट करावं असं कुणाच्या मनात नव्हतं. चांगलं काम दिसलं की आणखी चार जण करतात, एवढाच हिशोब. मोठे शेठ होते तोवर आपांच्या अटींना कुणी हात लावला नाही. मग मोठे शेठ वारले आणि नवे अध्यक्ष आले.

आता त्या मुलीचं सांगतो. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. आपांसाठी ती हदगाव. बापाची कापसाची, सोयाबीनची शेती होती, घरची बरी माणसं. दहावीला तालुक्यात पहिली आलेली. लातूरला आल्यावर पहिल्या दोन चाचण्यांत मागं पडली आणि तिथून तिचं जेवण तुटलं, झोप तुटली. मैत्रिणीनं हाताला धरून आणली तेव्हा नुसती हाडं होती. आपांना म्हणाली होती, की सकाळ होऊच नये असं वाटतं. आपांनी त्या दिवशी डाळ बाजूला ठेवली, तिच्या बापाला स्वतः फोन लावला, डॉक्टरांना शनिवारची वाट न बघता बोलावून घेतलं आणि पंधरा दिवस तिला आपल्या घरी झोपायला नेलं. मग औषध लागू पडलं. सहा महिन्यांनी ती गल्लीतून हसत जाताना मी पाहिली. हाक मारून म्हणाली, "काका, आज मी सगळी भाकर खाल्ली." बारावीला चांगले मार्क पडले. आयुर्वेदाच्या कॉलेजात नंबर लागला. जायला महिना होता.

त्याच महिन्यात असोसिएशनचा वार्षिक मेळावा आला. नवे अध्यक्ष मला म्हणाले, "बिराजदार, इतकी वर्षं आपण ही खोली चालवून राहिलो, लोकांना दाखवायला काय हाय? एखादी बरी झालेली मुलगी स्टेजवर आणा. शाल, श्रीफळ, फोटो. पुढच्या पोरांना हुरूप येईल." आपा तेव्हा औशाला बहिणीकडं होत्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बहिणीच्या घरी फोन होता. मी केला नाही. का केला नाही, याचं उत्तर मी स्वतःला हजारदा विचारलंय आणि दर वेळी तेच येतं. आपा नको म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि मला तो सत्कार बघायचा होता. त्या पोरीला मी हाडांची बघितलं होतं. मला वाटलं, जगाला दिसू दे.

मी पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या मेसवर गेलो. ती ऐकून घेत होती, पदराशी चाळा करावा तशी ओढणीचं टोक पिळत होती. म्हणाली, "काका, आपांना विचारलं का?" मी म्हटलं, "विचारलं की. त्यांना आनंदच झाला." असा मी धडधडीत खोटं बोललो. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंय माझ्यासाठी. येते." ते ऐकून मला भरून आलं होतं. मूर्ख माणूस.

मेळावा झकास झाला. बातमी मी लिहिली. 'मानसिक आजारातून पूर्ण बऱ्या झालेल्या विद्यार्थिनीचा सत्कार,' आणि खाली तिचं पूर्ण नाव, मुक्काम, तालुका हदगाव. मंगळवारी पेपरात आली. नांदेडच्या आवृत्तीतही आली. माझा मथळा लांब पडला असावा, त्यांनी तो कापून 'मनोरुग्ण मुलीची भरारी' असा केला होता. फोटोत आठ हात, आणि मधे तिचा चेहरा अगदी स्पष्ट.

शुक्रवारी तिचे वडील ऑफिसात आले. धोतर-टोपीतला साधा माणूस, हातात पेपरची घडी. विचारलं, "ह्ये तुम्हीच दिलं का?" मी हो म्हटलं. मला वाटलं आता शिव्या बसणार, बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "लेकराला घिऊन चाललो. तिच्या वस्तू होस्टेलमधून उचलल्यात, कुणाचं काई ठिवलं न्हाई." आणि गेले.

आठवड्यानं आपा आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा. आल्या आल्या म्हणाल्या, "हदगाव दिसत न्हाई भाऊ, गावी गेली का?" मी पेपर पुढं केला. त्यांनी तो हातात घेऊन परत दिला. "डोळ्याला अजून अक्षर लागत न्हाई. वाचून दाखवा." मी माझीच बातमी त्यांच्यासमोर उभा राहून वाचली. नाव, मुक्काम, तालुका. आपांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मनोरुग्ण तुम्ही लिहिलं?"

"नाही आपा. ते पेपरवाल्यांनी."

"आणि गावाचं नाव?"

"ते मी."

"तिला विचारलं होतं?"

"विचारलं होतं. ती म्हणाली, आपांना विचारलं का. मी हो म्हटलं."

आपा बराच वेळ चष्म्याआडून माझ्याकडं बघत राहिल्या, की नुसत्या समोर बघत होत्या, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं हदगावला जाऊ. तुम्ही बी चला."

नांदेडला गाडी बदलून आम्ही दुपारी पोचलो. घरात कापसाचा वास होता, ओसरीवर थोरली बहीण गहू वाळत घालत होती, ती आम्हाला बघून आत गेली. वडिलांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. आपा म्हणाल्या, "पाटील, तिचा नंबर लागलाय. कॉलेजात जाऊ द्या. मी तिच्याजवळ खोली घिऊन राहते, वर्षभर राहते. माझ्यामागं कोण हाय?"

वडील खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "बाई, लेकराला तुम्ही उभं केलं. त्ये मी मरेपर्यंत इसरणार न्हाई. पण थोरलीचं ठरल्यालं मोडलं. त्यांनी पेपर धाडला, चिठ्ठी न्हाई की काई न्हाई, नुसता पेपर. आता हिच्याकडं गाव बघून राहिलाय. विहिरीवर गेली तर बाया पोरींना बाजूला घिऊन राहिल्या. कॉलेजात बी पेपर जातोच की."

"पेपर लोक इसरतात."

"बातमी इसरतील. येड हाय म्हणल्यालं कोण इसरतंय बाई?"

ती चहा घेऊन आली. मान वर केली नाही. पुन्हा तीच हाडं दिसायला लागली होती. आपांच्या पुढं कप ठेवताना ती वाकली आणि अगदी हळू म्हणाली, पण मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं. "आपा, मी हो म्हनले होते. माझीच चूक हाय." आपांनी तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "न्हाई बेटा. तुझी न्हाई." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच बोलायला हवं होतं. तिच्या बापासमोर, तिच्यासमोर, की मी खोटं बोललो म्हणून ती आली. मी चहा पीत बसलो. त्या चहाची चव अजून तोंडात आहे.

परत आल्यावर नव्या अध्यक्षांनी आपांना बोलावून समजूत घातली. माणूस वाईट नव्हता, त्यालाही लागलं होतं. म्हणाला, "आपा, आमचा हेतू चांगला होता." आपा म्हणाल्या, "चांगलाच होता साहेब. म्हणून तर तिला न्हाई म्हणता आलं न्हाई." खोलीत आपा पुढं दीड महिना रोज येऊन बसल्या. दार उघडं ठेवायच्या. एक पोरगं फिरकलं नाही. गल्लीतली पोरं झेरॉक्सच्या दुकानापर्यंत यायची आणि त्या दाराकडं पाठ करून उभी राहायची. पेपर त्यांनीही वाचला होता. एक दिवस आपांनी खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या घरी गेल्या. महिन्याभरात असोसिएशननं तिथं पाटी लावली, काळ्या दगडाची, बारा जणांच्या नावांची. आत पुन्हा बारदान भरलं.

हदगावहून वडिलांचा एकदा ऑफिसात फोन आला. आपांना निरोप द्या म्हणाले. "धाकलीचं केलं. देगलूरच्या पल्याड, तेलंगणात दिली. माणूस वयानं थोराड हाय, पहिली बायको वारल्याली, पर घर बरं हाय. तिथं मराठी पेपर येत न्हाई." मी तो निरोप आपांच्या घरी जाऊन सांगितला. त्या भांडी घासत होत्या. हातातलं पातेलं तसंच धरून बसल्या आणि म्हणाल्या, "अल्ला, एकोणीस वर्षांचं लेकरू." मी रिवाजाप्रमाणं गप उभा राहिलो. त्या रडल्या तर त्यांनाही पाणी द्यायचं नव्हतं. त्या रडल्या नाहीत, पातेलं घासायला लागल्या.

त्यानंतर आपा दहा-अकरा वर्षं जगल्या. घरीच असायच्या. होस्टेलच्या एक-दोन पोरी कपडे उसवून-शिवून घ्यायच्या निमित्तानं यायच्या, पण पूर्वीसारखं नाही. कुणी सत्काराचं बोलायला आलं तर दारातूनच परत पाठवायच्या. मी ईदला जायचो. त्या शिरखुर्मा पुढं ठेवायच्या, माझ्या मुलांची चौकशी करायच्या, जुनं कधी काढायच्या नाहीत. तेच मला सहन होईना. एका ईदला मीच म्हणालो, "आपा, मला माफ करा."

"मी? मी काय पेपरात आले होते का?"

"मग तिच्याकडं जातो. तिच्या पाया पडतो."

आपा तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "खबरदार भाऊ. तुम्ही जाणार, हात जोडणार आणि ती बिचारी माफ करणार. दुसरं काय करणार? पुन्हा तुमच्यासाठी तिला हो म्हणायला लावायचं का?" मी जायचा विचार सोडला. सोडला म्हणजे काय, गिळला.

आपा गेल्या त्या एका उन्हाळ्यात. झोपेतच गेल्या. मातीला आम्ही असोसिएशनचे दोघं-तिघं होतो, बाकी त्यांच्या गल्लीतली माणसं. परतताना माझ्या मनात एकच घोळत होतं, की त्या मुलीला हे कोण सांगणार? मी हदगावला वडिलांना फोन केला. त्यांनी गाव सांगितलं, गल्ली सांगितली. म्हणाले, "सांगा तिला. तिला कळाया पाहिजे. पर वळख दावू नका. तिथं कुणाला काई ठाव न्हाई." मी शब्द दिला. आणि खरं सांगतो, शब्द देतानाही पोटात कुठंतरी मला आशा होती, की ती मला बघेल आणि तिच्या डोळ्यांत मला काहीतरी मिळेल. आपांनी बजावून ठेवलेलं असताना, त्यांच्या मातीवर पाणी वाळायच्या आत, मी निघालो.

सकाळची वेळ होती. ओट्यावर तिची सासू तांदूळ पाखडत बसली होती. ती दारात, मांडीशी सात-आठ वर्षांची पोरगी, तिची शाळेसाठी वेणी घालत होती. अंगानं भरली होती, कपाळावर मोठं कुंकू. मला तिनं पायरीशीच ओळखलं. ओळखलं हे मला कळलं, कारण तिनं नजर काढून घेतली आणि पुन्हा वर आणली नाही. सासूनं विचारलं, "एवरू?" कोण म्हणून. मी मराठीतच बोललो, तिला ते समजत होतं. म्हटलं, "लातूरहून आलोय आजी. घर शोधतोय. औशाच्या एक नर्सबाई होत्या, आपा म्हणायचे लोक त्यांना. आठवड्यामागं वारल्या. इकडं त्यांच्या नात्यातलं कुणी राहतं असं कळलं, निरोप द्यायचा होता. त्रास झाला नाही त्यांना. झोपेत गेल्या."

सासूनं सुनेकडं बघितलं, की तुला ठाऊक आहे का कुणी. ती वेणी घालत होती. पेड एकावर एक पडत होते, भराभर, बोटं कुठं थांबली नाहीत.

"इथं त्यांचं कुणी न्हाई," ती म्हणाली.

"घर चुकलं असेल मग," मी म्हटलं आणि पायरी उतरलो. मागं पोरगी कळवळून म्हणत होती, "अम्मा, केस ओढू नको. अम्मा, दुखतंय."